इंग्रजी स्पेशल घेतलंय, पण इंग्रजीत तोंड उघडत नाही

दाजीपूरचा गवा

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी राधानगरी तालुक्यातला. शाळा सगळी मराठी माध्यमाची. आता कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी स्पेशल. घरात कौतुक आहे. आज्जी तर गल्लीभर सांगत असते की आमचं पोरगं आता साहेबाच्या भाषेत बोलतंय.

पोरगं बोलत नाही, हीच तर अडचण. पेपरला मार्क बरे पडतात. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधल्या महत्त्वाकांक्षेवर चार पानं लिहून येतो, चेटकिणींवर टीप लिहितो. नाटक मुळातून वाचलेलं नाही. वर्गात बहुतेकांनी वाचलेलं नाही. सर गोष्ट मराठीतून सांगतात, छान रंगवून सांगतात, पुढचं सगळं गाईड बघून घेतं.

परवा कॉलेजात एका कंपनीची माणसं मुलाखती घ्यायला आली होती. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर नाव, गाव, वडील शेती करतात, एवढ्यावर गाडी थांबली. माझ्यानंतर आत गेलेला बी.कॉम.चा पोरगा बराच वेळ बोलून बाहेर आला आणि मलाच विचारतो, "तू इंग्लिशचा ना रे?"

तर विचारायचंय ते असं. साहित्य शिकून भाषा येते का? की संभाषणाचा क्लास वेगळाच लावायचा? राजारामपुरीत क्लासच्या पाट्यांना तोटा नाही, पण फी ऐकून घाम फुटतो. आणि पुढं एम.ए. करावं का? शिवाजी विद्यापीठातच करायचा विचार आहे. कुणी इंग्रजी करून पुढं काही केलं असेल तर खरं खरं सांगा, धीर देण्यापुरतं नको.

रंकाळ्याचा वारा

भावा, विषय हार्ड हाय तुझा.

पैलं म्हणजे त्या बी.कॉम.वाल्याचं टेन्शन घेऊ नको. लई वेळ बोलला म्हणजे काय तरी सांगितलंच असं नसतंय. आमच्या ऑफिसात एक जण फाडफाड इंग्रजी झाडतो. मीटिंग सुटली की सगळी एकमेकांस्नी विचारत्यात, ठरलं काय मग?

धागा चांगला हाय. भडंग घेऊन बसलोय.

ओतीवकाम

मी इंग्रजी स्पेशलचीच. एम.ए.पण इथंच केलं. आता शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या एक्स्पोर्ट विभागात आहे. (हो, फौंड्रीत. मी तिथं नक्की काय करते हे घरच्यांनाही अजून कळलेलं नाही.)

बाहेरच्या गिऱ्हाइकांशी सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे. आमचं कास्टिंग तिकडं गेलं, मशिनिंग करताना ब्लोहोल (ओतकामात हवा अडकून राहिलेलं भोक) सापडलं, की रात्रीत मेल येऊन पडतो. सकाळी क्वालिटीचे साहेब तावातावानं सांगतात, "त्यांना लिहा, आमच्याकडनं माल ओके गेलाय, तुमच्याच मशीनवर बघा काय ते!" हे जसंच्या तसं लिहिलं तर पुढची ऑर्डर गेलीच. मला आधी शोधावं लागतं की समोरचा मागतोय काय. पैसे? कारण? की पुढच्या लॉटची हमी? मेलमध्ये तिन्ही एकात एक मिसळलेलं असतं. मग ८डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीच्या निवारणाचा ठरीव टप्प्यांचा अहवाल, भरायचा. त्यात आधी तात्पुरता बंदोबस्त, मग मूळ कारण, मग कायमचा उपाय. ही उतरंड मोडली की गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, इंग्रजी कितीही गुळगुळीत असो.

आता तुझा प्रश्न. ही भाषा मला बी.ए.नं शिकवली नाही. नोकरीत जुन्या फायली वाचून शिकले. पण साहित्यानं एक गोष्ट दिली. आम्हाला प्रॅक्टिकल क्रिटिसिझम होतं. अनोळखी कविता समोर, कवीचं नाव नाही, लिहा काय लिहायचं ते. आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकानं केंब्रिजमध्ये पोरांना असंच बसवलं होतं आणि त्यांनी काय काय घोळ घातले त्यावर १९२९ साली पुस्तकच काढलं. तो अर्थाच्या चार बाजू सांगतो. म्हटलंय काय, विषयाबद्दल वाटतंय काय, वाचणाऱ्याशी सूर कसला लावलाय आणि हे सगळं कशासाठी. गिऱ्हाइकाचा मेल मी आजही याच चार बाजूंनी बघते. "तुमचा खुलासा वाचून आश्चर्य वाटलं" असं कुणी लिहिलं की त्याला आश्चर्य वाटलेलं नसतं, तो चिडलेला असतो.

तेव्हा संबंध आहे, पण आपोआप लागत नाही. गाईडनं तर मुळीच लागत नाही. त्यात चारही बाजू दुसऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेल्या असतात, तुला फक्त उतरवायचं असतं.

वाचनवेडी गडहिंग्लज

ओतीवकाम ताई, यावर स्वतंत्र धागा काढाच. वाचनखूण साठवली आहे.

तासिका तत्त्व

धागाकर्त्याचे सर म्हणजे मी नव्हे, आधीच सांगून टाकतो. पण असू शकलो असतो.

मी सीएचबीवर शिकवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे घड्याळी तासावर. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, सुट्टीला काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत.

मराठीतून सांगण्याबद्दल बोलतो. 'मॅकबेथ' १६०६च्या सुमाराचं. आजच्या इंग्लंडातल्या पोरांनाही ते तळटिपांशिवाय उलगडत नाही. तिथं राधानगरी, भुदरगडच्या पोराला मराठीत गोष्ट सांगितली तर आभाळ कोसळत नाही. मीही सांगतो. गोची पुढं होते. गोष्ट सांगून झाली की सगळ्यांनी मिळून संहितेकडं वळायचं असतं, ते राहून जातं. सेमिस्टर म्हणजे प्रवेश, गॅदरिंग, अंतर्गत चाचणी, सबमिशन या सगळ्यातून उरलेला वेळ. प्रश्नपत्रिका बघून गाईड लिहितात की गाईड बघून प्रश्नपत्रिका काढतात, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

एम.ए.बद्दल सरळ बोलतो. जरूर कर, पण प्राध्यापकी हे एकच ध्येय ठेवून येऊ नको. नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) होऊन, पीएच.डी. होऊनही तासावर शिकवणारे आम्ही पुष्कळ आहोत. नेटला दोन पेपर असतात. पहिला सगळ्यांना समान, ५० प्रश्नांचा, दुसरा विषयाचा, १०० प्रश्नांचा. मिळून ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सेट आपल्याकडे पुणे विद्यापीठ घेतं. इंग्रजीच्या पेपरात नाटक, कविता, कादंबरी तर आहेच, शिवाय भाषाविज्ञान, भारतातल्या इंग्रजीचा इतिहास, समीक्षा, सांस्कृतिक अभ्यास आणि संशोधनपद्धती. वर उतारे आणि कविता देऊन प्रश्न विचारतात. गाईडवर वाढलेल्याची दांडी तिथंच उडते.

स्पष्टवक्ता उचगाव

कडू लागेल, पण सांगतो. पोराला उगीच झाडावर चढवू नका. तीन वर्षं इंग्लंडच्या राजाच्या खुनाची गोष्ट वाचून कुणाचं पोट भरलंय? त्यापेक्षा स्पोकनचा क्लास लाव, बँकेच्या परीक्षा दे. साहित्य वगैरे म्हातारपणी वाचता येतं. प्राध्यापक महाशय स्वतःच सांगताहेत की तासावर राबतोय. आणखी काय पुरावा हवा?

जुना राजारामीय

स्कॉटलंडच्या. डंकन स्कॉटलंडचा राजा होता. टीका जरूर करा, राजा तेवढा बरोबर धरा.

उचगावकर विचारतात तो प्रश्न मात्र विषयाइतकाच जुना आहे. इंग्रजी साहित्य आपल्याकडे आलं ते नोकरी आणि राज्यकारभाराच्या हातात हात घालून. भारतात इंग्रजी शिक्षण द्यावं असं सांगणारं मेकॉलेचं टिपण २ फेब्रुवारी १८३५चं, मुंबई विद्यापीठ १८५७चं. खुद्द ऑक्सफर्डला इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला १८९४ उजाडलं. तोवर तिथली पोरं ग्रीक-लॅटिन करत होती आणि इकडं आपले आजे-पणजे परीक्षेसाठी मिल्टन घोकत होते. गौरी विश्वनाथन यांनी १९८९च्या आपल्या पुस्तकात हा इतिहास तपशिलानं मांडला आहे. तेव्हा घोकंपट्टीचं पाप एकट्या गाईडवाल्यांच्या माथी मारू नका, ती विषयाच्या सामानातूनच आलेली आहे. आमच्या राजाराम कॉलेजची स्थापना १८८०ची, गोपाळ कृष्ण गोखले तिथं शिकले. पाठांतराला तेव्हा कुणी नावं ठेवत नव्हतं. फरक इतकाच की ते मूळ कविता पाठ करत, तुम्ही तिच्यावरचं उत्तर पाठ करता.

गवा, तुला एक काम सांगतो. शाळेत वृत्तं शिकलास ना? भुजंगप्रयात, लघु-गुरू? त्या मोजणीला क्षणभर बाजूला ठेव. इंग्रजी पद्यात लघु-गुरू मोजत नाहीत, आघात मोजतात. ज्याला आयँबिक पेंटामीटर म्हणतात त्यात हलकं-जड, हलकं-जड अशा पाच जोड्या असतात. आता 'मॅकबेथ' उघड आणि मोठ्यानं वाच. अर्थ कळला नाही तरी चालेल, बाकावर बोटानं ठेका धर. राजा आणि सरदार बहुतेक वेळा या चालीत बोलतात. चेटकिणी आल्या की ओळ आखूड होते आणि ठेका उलटा पडतो, जड आधी, हलकं नंतर. दारावरचा पहारेकरी दारूच्या तारेत गद्यात बडबडतो. आणि पाचव्या अंकात लेडी मॅकबेथ झोपेत चालत हात धुण्याची धडपड करते, तो प्रवेशही गद्यात आहे. आधी इतकं घडीव बोलणारी बाई, मन फाटल्यावर तिच्या बोलण्यातली चाल निघून गेलेली असते. हे तुझ्या गाईडात एका ओळीत असेलही, पण कानानं ऐकल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही.

अवांतर: छंदाचा विषय निघालाच आहे म्हणून. मराठीत 'छंदोरचना' लिहिणारे माधव जूलियन याच राजाराम कॉलेजात फारसी शिकवत होते.

रंकाळ्याचा वारा

डंकनवरनं उचगावचा पार डंका वाजला.

स्पष्टवक्ता उचगाव

राजा कुठलाही असो, मुद्दा तोच राहतो. पगाराचं बोला.

दाजीपूरचा गवा

सगळ्यांचे आभार. राजारामीय सर, तुम्ही सांगितलं तसं बोटानं ठेका धरून वाचलं. रूममेट विचारतो, भजनी मंडळ काढलंस का? राजा लोकांच्या ओळींत माझा ठेका चुकतोय, पण चेटकिणींचा लगेच हाती लागला. कढईभोवतीच्या प्रवेशात तर अर्थ न कळताही अंगावर काटा येतो.

एक अडचण आहे. मोठ्यानं वाचायचं म्हटलं की उच्चारांची लाज वाटते. वर्गात खेड्यातलं पोर वाचायला उठलं की मागच्या बाकावरनं खुसखुस सुरू होते. त्यामुळं आम्ही उठतच नाही.

नासिका आणि कंठ

या धाग्यावर माझं काम निघालं एकदाचं. भाषाविज्ञानात एम.ए. केलं, आता लोकांचे उच्चार घासूनपुसून देतो.

हसणाऱ्यांना विचार, इंग्रजीत ध्वनी किती? २६ सांगतील. ती अक्षरं झाली. पाठ्यपुस्तकात ज्या ब्रिटिश उच्चारपद्धतीचा आधार घेतात तीत ४४ ध्वनी आहेत, २४ व्यंजनं आणि २० स्वर. स्पेलिंगवर विसंबून उच्चार करणारा शहरी पोरगाही तिथं ठेचकाळतो.

मराठी माणसाला काही गोष्टी फुकटात मिळालेल्या आहेत. 'जहाज'मधला ज आपल्याला येतोच, तिथून झीब्राच्या आवाजाला जायला फार लांब पडत नाही. 'अ' हा आपला अगदी घरचा स्वर, आणि इंग्रजीत आघात नसलेल्या जागी सगळ्यात जास्त येतो तो त्याच्याच जवळचा. काही ठिकाणी मात्र मेहनत आहे. बनियनचा व्हेस्ट आणि पश्चिमेचा वेस्ट यांत आपण लिहिताना फरक करतो, बोलताना विसरतो. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत, दुसऱ्याला ओठांचा चंबू झाला पाहिजे, दातांचा संबंध नाही. पेनच्या 'प'ला हवेचा झोत लागतो. तोंडासमोर वहीचं पातळ पान धर. मराठी 'पान' म्हटलंस तर ते जेमतेम हलेल, इंग्रजी पेन नीट म्हटलंस तर फडफडेल.

पण खरी गंमत आघातात आहे. फोटोग्राफला आघात पहिल्या अवयवावर (अवयव म्हणजे एका झटक्यात उच्चारायचा शब्दाचा तुकडा), फोटोग्राफीला दुसऱ्यावर, फोटोग्राफिकला तिसऱ्यावर. आपण तिन्ही ठिकाणी सगळे अवयव सारख्याच जोरानं म्हणतो. ऐकणारा गोंधळतो तो यामुळं, 'थ'चा थोडा 'ठ' झाला म्हणून नव्हे. राजारामीय काकांनी सांगितलेला बाकावरचा ठेका म्हणजे याचाच सराव आहे. तू छंद शिकतोयस असं तुला वाटतंय, कान मात्र उच्चार शिकतोय.

कोल्हापुरी हेल जाऊ द्यायची गरज नाही. परीक्षेत, मुलाखतीत कुणी बीबीसीचा निवेदक शोधत नाही.

रंकाळ्याचा वारा

पान धरून बगितलं. बायको म्हणाली, वहीवर थुंकताय कशाला?

वाचनवेडी गडहिंग्लज

मला वेगळंच सांगायचंय. सगळे शेक्सपिअरवरच बसलेत. गवा, तुमच्या अभ्यासक्रमात भारतीय इंग्रजी लेखन असेल तर अरुण कोलटकर वाचलेत का? आपल्या कोल्हापूरचे. १९३१ साली इथं जन्मले, राजाराम हायस्कूलला शिकले. 'जेजुरी' हे त्यांचं इंग्रजी कवितांचं पुस्तक १९७६चं, त्याला पुढच्याच वर्षी कॉमनवेल्थ काव्य पुरस्कार मिळाला. मी एम.ए.ला असताना आम्हाला ते शिकवलं तेव्हा "श्रद्धा आणि संशय यांतलं द्वंद्व" असं फळ्यावर लिहून मोकळे झाले. कवी याच गावचा, हे कुणी बोललंच नाही.

आता पुस्तक उघडून बघा. पहिलीच कविता एसटीच्या प्रवासाची आहे. खिडक्यांवर ताडपत्री बंद केलेली, ती वाऱ्यानं फडफडतेय. बाहेरचं काही दिसत नाही. समोर एक म्हातारा बसलाय, त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत आपलाच चेहरा दोन तुकड्यांत दिसतोय, आणि दिसण्यासारखं तेवढंच आहे. इंग्रजी साधं, वाक्यं छोटी. पावसाळ्यात राधानगरीहून एसटीनं येणाऱ्या माणसाला यासाठी गाईड लागतं? उलट लंडनच्या वाचकाला तळटीप लागेल.

मला वाटतं आपल्या पोरांना इंग्रजी साहित्य परकं वाटतं ते भाषेमुळं कमी आणि कुठून सुरुवात केली त्यामुळं जास्त. कोलटकरांपासून सुरू करून मग मागं शेक्सपिअरकडं जावं.

जुना राजारामीय

वाचनवेडी यांच्याशी निम्मा सहमत. सोपं म्हणून कोलटकर धरायला जाल तर फसाल. भाषा साधी आहे, माणूस साधा नाही.

यात भर घालतो. विंदा करंदीकर इंग्रजीचेच प्राध्यापक, त्यांचंही शिक्षण कोल्हापुरात झालं. त्यांनी अॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, 'किंग लिअर' मराठीत आणलं. मर्ढेकरांनी काही काळ इंग्रजी शिकवलं, नेमाडेंनी आयुष्यभर. तेव्हा इंग्रजी स्पेशल घेतलं म्हणजे मराठी सुटलं असं समजायचं काही कारण नाही. एक चांगला मार्ग सांगतो. इंग्रजी प्रवेश वाचायच्या आधी त्याचा चांगला मराठी अनुवाद असेल तर तो वाच, मग मूळ वाच. गाईडपेक्षा कमी वेळ लागतो आणि डोक्यात माणसं शिरतात, मुद्दे नव्हे.

तासिका तत्त्व

विंदांचा 'राजा लिअर' वर्गात वापरून बघितलाय. पोरं पहिल्यांदा हसली, पुढं गप्प झाली. त्या सेमिस्टरला पेपरात वेगवेगळी उत्तरं आली. तपासायला जास्त वेळ लागला, तक्रार नाही.

स्पष्टवक्ता उचगाव

कविता, एसटी, चष्मा, सगळं छान. मुलाखतीत पोरगा गप्प बसला त्याचं काय? मूळ प्रश्न तो होता.

ओतीवकाम

> मुलाखतीत पोरगा गप्प बसला त्याचं काय?

रास्त प्रश्न आहे. उचगावकरांशी या एका मुद्द्यावर मी सहमत. ठेका धरून मुलाखत होत नाही.

गवा, तू थांबलास ते शब्द नव्हते म्हणून नाही. मराठीत विचारलं असतं तरी तू नाव-गाव सांगून थांबला असतास. स्वतःबद्दल सांगायची आपल्याला सवयच नाही, घरी त्याला आगाऊपणा म्हणतात. म्हणून स्वतःपासून सुरुवात करू नको. जे तुला पूर्ण माहीत आहे आणि समोरच्याला अजिबात माहीत नाही, असं काहीतरी इंग्रजीत सांगायला घे. तुमच्याकडं ऊस आहे ना? मग गुऱ्हाळ सांग. रस काहिलीत पडल्यापासून ढेप निघेपर्यंत. चुलवणात चिपाडं घालणारा काय बघतो, भेंडीचं पाणी कधी टाकतात, त्यानं मळी वर कशी येते, ती कोण काढतो, गुळव्या पाक तयार झाला हे कशावरनं ओळखतो. ऐकणारा पुण्या-मुंबईचा आहे, त्यानं आयुष्यात गुऱ्हाळ बघितलेलं नाही, असं समज. काहिलीला इंग्रजीत काय म्हणतात यावर अडून बसू नको. पसरट मोठी लोखंडी कढई म्हण आणि पुढं जा.

हे मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि स्वतःच ऐक. कुठं ऐकणारा हरवला असता ते तुलाच कळेल. याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञानं १९६०च्या लेखात कुठल्याही बोलण्याची सहा अंगं सांगितली आहेत. बोलणारा, ऐकणारा, संदेश, संदर्भ, संकेतव्यवस्था आणि संपर्क. तुम्हाला पेपरला असेल, टीप म्हणून. फोनवर आपण मध्येच "ऐकताय न्हवं?" म्हणतो ना, त्याला काही अर्थ नसतो, लाइन चालू आहे का तेवढं बघतो. तो संपर्क. तुझ्या मुलाखतीत बहुधा तोच तुटला. खाली मान घालून बोललास का?

दाजीपूरचा गवा

ताई, टेबलाकडंच बघत होतो. कसं ओळखलंत?

काल रात्री गुऱ्हाळ सांगून बघितलं. आधी अडखळलो, मग चुलवणापाशी आलो आणि थांबवेना. व्याकरण कुठल्या कुठं गेलं, पण रूममेट, जो सोलापूरचा आहे, त्यानं मध्येच प्रश्न विचारला, तोही इंग्रजीत. भेंडीचं पाणी म्हणजे भाजीची भेंडी का, म्हणून.

तासिका तत्त्व

रूममेटनं प्रश्न विचारला म्हणजे कळलं. याहून दुसरी परीक्षा नाही. व्याकरण दुसऱ्या फेरीत दुरुस्त कर. एका वेळी एकच, यावेळी फक्त काळ बघ. प्रक्रिया सांगताना साधा वर्तमानकाळ धरला तर शेवटपर्यंत सोडायचा नाही.

पगाराचं राहिलं, तर उचगावकरांसाठी थोडक्यात. बी.एड. करून शाळेत जाणारे सगळ्यात जास्त. बँक आणि स्पर्धा परीक्षांत इंग्रजीचे गुण हाती येतात. भाषांतर, सबटायटल, कंपन्यांसाठी मजकूर लिहिणं, ओतीवकाम करतात तसं काम, हे सगळं आहे, पण त्याची जाहिरात "पाहिजे: इंग्रजी साहित्याचा पदवीधर" अशी कधीच येत नाही. शोधावं लागतं. इंजिनिअरला शोधावं लागत नाही असंही नाही.

स्पष्टवक्ता उचगाव

शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं हे कळलं. माझं मत बदललेलं नाही. गुऱ्हाळाची आयडिया मात्र पुतण्याला पाठवलीय.

वाचनवेडी गडहिंग्लज

क्लासच्या फीवर कुणी बोललंच नाही. लावायचाच असेल तर आधी एक तास फुकट बसून बघा आणि मोजा, मास्तर किती बोलतो आणि पोरं किती. मास्तरच बोलत असेल तर तो घरी यूट्यूबवरही बोलतो.

पुस्तकांना पैसे लागत नाहीत. शेक्सपिअरची नाटकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पूर्ण आणि मोफत आहेत, लिब्रिवॉक्सवर लोकांनी वाचलेली ऐकायलाही मिळतात. तळटिपांची छापील प्रत मात्र ग्रंथालयातनं घ्या, तिच्याशिवाय पहिल्या पानावरच दमाल. विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे, गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. दूरशिक्षण केंद्राची स्वयंअध्ययन पुस्तकंही बघून ठेवा, गाईडपेक्षा कितीतरी बरी असतात. पण तीही मूळ वाचून झाल्यावर.

दाजीपूरचा गवा

आम्ही वर्गातल्या चार-पाच जणांनी ठरवलंय. रविवारी सकाळी टाऊन हॉलच्या बागेत बसून 'मॅकबेथ' मोठ्यानं वाचायचं, एकेकानं एकेक पात्र घेऊन. कुणी हसायचं नाही एवढाच नियम. अर्थ अडला तर मराठीत भांडायचं, पण ओळ इंग्रजीतच वाचायची. राजारामीय सर, तुम्ही याल का? नुसतं बसलात तरी चालेल.

नासिका आणि कंठ

मी येतो. वहीची पातळ पानं घेऊन येतो.

जुना राजारामीय

येईन. नुसता बसणार नाही, डंकन मी वाचणार. तो लवकर मरतो, त्यामुळं माझ्या गुडघ्यांना सोयीचं. पहिल्या दिवशी पहिला अंक पुरे, सात प्रवेश आहेत. सुरुवातीलाच तीन चेटकिणी लागतील, त्यांची नावं आधी ठरवा.

दाजीपूरचा गवा

सर, दोन मिळाल्यात. तिसरीला कुणी तयार नाही. पोरी म्हणतात, आम्हीच का म्हणून चेटकिणी?

रंकाळ्याचा वारा

मी होतो की तिसरी. इंग्रजी जेमतेम हाय आणि दाढी राखलीया, चालतंय का बगा.

जुना राजारामीय

दाढी ठेवाच. तिसऱ्या प्रवेशात मॅकबेथचा सोबती बँको चेटकिणींना तेच म्हणतो. तुम्ही बाया असाव्यात, पण तुमच्या दाढ्या मला तसं समजू देत नाहीत. रविवारी साडेआठ. भडंग आणलंत तर सगळ्यांना पुरेल एवढं आणा.